द्विशिक्षकी शाळेत एआय कसं वापरायचं

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या रांगेत आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. कागदावर पहिली-दुसरी माझ्याकडं आणि तिसरी-चौथी सरांकडं. पण सर कधी प्रशिक्षणाला जातात, कधी मतदार यादीच्या कामाला, कधी केंद्रशाळेवर माहिती द्यायला, आणि मग चारही इयत्ता माझ्यासमोर असतात. अशाच शाळांतल्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी हे लिहिते आहे. ज्यांच्याकडं इयत्तेला एक शिक्षक, संगणक कक्ष आणि वायफाय आहे त्यांना यातलं बरंच बाळबोध वाटेल. वाटू द्या.

इथं एआय म्हणजे शिक्षकाच्या फोनवरचं, शिक्षकाच्या कामाचं. मुलांच्या हातात ते द्यायचं नाही. चॅटजीपीटी तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही हे ती कंपनीच सांगते, आणि तसंही पहिलीतल्या लेकरानं त्यात टाईप तरी काय करायचं?

आपल्याला त्याचा खरा उपयोग एकच: एका विषयाचे तीन-चार पातळ्यांचे कागद झटपट तयार करून घेणं. बहुवर्ग अध्यापनात आपण मार खातो तो इथंच. चौथीला भागाकार समजावत असताना पहिली-दुसरीच्या हाताला काम हवं, आणि ते रोज नवं हवं. नाहीतर पहिली उठून दारात जाते आणि तिच्यामागं दुसरी. हे रोजचं काम तयार करायला पूर्वी रात्री तास-दीड तास जायचा. आता स्वयंपाक उरकल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्याच होतं.

फोन आणि वर्गाची ओळख

संगणक लागत नाही. जेमिनी किंवा चॅटजीपीटी, दोन्हींपैकी काहीही चालेल, फुकटातलं पुरतं. टाईप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवर मराठी भाषा घ्या, माइकचं चिन्ह दाबा आणि बोला. प्रमाण मराठीत बोलायची गरज नाही, आपण केंद्रावर गप्पा मारताना बोलतो तसंच बोला, त्याला कळतं. शाळेत रेंज नसेल तर सगळं घरी करून स्क्रीनशॉट काढून ठेवा. आमच्या शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी मिळते, त्यामुळं वर्गात उभं राहून एआयला काही विचारणं हा प्रकार मी मनातून काढूनच टाकलाय.

पहिलं काम म्हणजे आपल्या वर्गाची ओळख एकदाच नीट लिहून ठेवायची. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवून ठेवा, म्हणजे दरवेळी कॉपी करून डकवता येते. माझी अशी आहे:

«मी महाराष्ट्रातल्या ग्रामीण जिल्हा परिषद शाळेत शिकवते. एकाच खोलीत पहिली ते चौथीची मुलं बसतात. घरं कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि ऊसतोड मजुरांची. काही मुलं बंजारा तांड्यावरची, घरची बोली गोरमाटी. मुलांनी पाहिलेलं: आठवडी बाजार, ज्वारी, कापूस, तूर, शेळ्या, बैलगाडी, एसटी, पाझर तलाव, साखर कारखाना. न पाहिलेलं: समुद्र, मॉल, लिफ्ट, बर्फ. साधनं: फळा, खडू, चिंचोके, काड्या, वही. प्रिंटर नाही. साध्या, बोलत्या मराठीत लिही. प्रस्तावना नको, शेवटी उपदेश नको.»

हे न देता बेरजेची उदाहरणं मागितली की रिया नावाची मुलगी मॉलमध्ये जाऊन स्ट्रॉबेरी घेते. हे दिलं की चिंचोके येतात, शेळ्या येतात. «साधनं» आणि «न पाहिलेलं» या दोन ओळी सोडू नका. फळा-खडू सांगितलं नाही तर ते रंगीत कार्डं कापायला लावतं, लॅमिनेशन करायला सांगतं, आणि तो खर्च शेवटी आपल्याच पर्समधून.

आधी पातळी, मग कागद

तुमच्या वर्गातलं कोण काय वाचतं हे एआयला माहीत नसतं. ते आपणच काढायचं. «प्रथम» संस्था २००५ पासून «असर» या शिक्षणाच्या पाहणीत जी वाचनचाचणी घेते ती आपल्याला पुरते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर सहज वाचतं ती त्याची पातळी. गणितातही तसंच: १ ते ९ ओळखतं का, ९९ पर्यंतच्या संख्या ओळखतं का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. एका मुलाला पाच मिनिटंही लागत नाहीत. मग इयत्ता बाजूला ठेवून गट करा. चौथीतलं पोरगं शब्दांच्या गटात आलं तर येऊ द्या, फक्त त्याला लहानांच्या रांगेत बसवू नका. कागद त्याच्या पातळीचा, जागा त्याच्या इयत्तेची.

आता मागणी कशी करायची ते दाखवते. वर्गाची ओळख डकवून झाली की खाली असं लिहायचं:

«विषय आठवडी बाजार. तीन गट. पहिला गट अक्षरं ओळखतो, शब्द वाचत नाही. दुसरा शब्द वाचतो, वाक्यात अडखळतो. तिसरा परिच्छेद वाचतो. प्रत्येक गटाला वीस मिनिटं बाईंशिवाय करता येईल असं एकेक काम दे. फळ्यावर मावेल एवढंच. पहिल्या गटाला दोन आणि तीन अक्षरी शब्द, जोडाक्षर नको. तिसऱ्या गटाला असा एक प्रश्न, ज्याचं उत्तर घरी विचारून आणावं लागेल.»

«बाईंशिवाय करता येईल» हे शब्द महत्त्वाचे. ते नसतील तर प्रत्येक काम «शिक्षकांनी चर्चा घडवून आणावी» यावर येऊन थांबतं, आणि आपण तर त्या वेळी चौथीच्या भागाकारात अडकलेलो असतो.

यावर आलेली पहिल्या गटाची यादी अशी होती: भाजी, गाडी, वजन, पिशवी, तराजू, ग्राहक, विक्रेता. शेवटच्या दोन शब्दांत जोडाक्षर आहे, नको म्हणून सांगितलेलं असतानाही. हे नेहमी होतं. एआय आपल्यासारखं अक्षर अक्षर बघत नाही. मजकुराचे लहान लहान तुकडे करून पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधत ते लिहितं, आणि देवनागरीत हे तुकडे आपल्या अक्षरांशी जुळतीलच असं नाही. त्यामुळं जोडाक्षर, अनुस्वार, रफार, अक्षरांची संख्या, शब्दाचं शेवटचं अक्षर, असं काहीही मागितलं तर डोळ्यांनी तपासल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. शब्दांच्या भेंड्या तर त्याच्याकडून करून घेऊच नका.

दुसऱ्या गटासाठी वाक्यं मागितली तर आलं, «रम्य सकाळी सूर्याच्या सोनेरी किरणांनी बाजार उजळून निघाला होता.» एआयची मराठी अशी नटूनथटून येते. त्याला सरळ सांगा: एका वाक्यात जास्तीत जास्त चार शब्द, जोडाक्षर नको, सूर्य नको, किरणं नको, बाजारात जाऊन एक वस्तू घेतली एवढंच सांग. मग आलं ते असं: «आज बुधवार. गावात बाजार भरला. आई आणि बाळू निघाले. बाळूने पेरू घेतला. पेरू आतून लाल निघाला.» हे फळ्यावर लिहिलं की मुलं लगेच विचारतात, बाई, पेरू कितीला घेतला? गणिताचा तास तिथूनच सुरू करायचा.

दोन-तीनदा दुरुस्त करायला सांगूनही जमलं नाही तर वाद घालत बसू नका. नवीन चॅट उघडा, ओळख पुन्हा डकवा, मागणी लहान करा. लांबलेल्या चॅटमध्ये त्याला आधीच्या सूचनांचा विसर पडतो.

गणितं

शाब्दिक उदाहरणं एआय भरपूर देतं आणि बहुतेक बरी असतात. तरी प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवायचं, त्यानं दिलेल्या उत्तरावर जायचं नाही. सव्वा, दीड, अडीच, पाऊण यांच्याकडं जास्त लक्ष द्या. पावणेतीनशेच्या जागी ३७५ लिहिलेलं मी पाहिलंय, आणि आपल्याकडची लेकरं बाजारात पावशेर, पावणेदोनशे ऐकत वाढतात, ती चूक पकडतात. भागाकार मागताना बाकी उरावी की उरू नये हे आधीच सांगा, नाहीतर सात शेळ्या तिघांत वाटायला निघतात.

ऊसतोडीवरची उदाहरणं मी मागते, मोळ्या, खेपा, टन. पण मुकादमाची उचल (कामाआधी घेतलेले पैसे), फिटलेले-न फिटलेले पैसे हे त्यात येऊ देत नाही. कुणाच्या घरचं देणं फळ्यावर मांडायचं नसतं. एआयला हे आपणहून कळत नाही, ते अगदी उत्साहानं «बाबांनी ५०,००० रुपये उचल घेतली» असं उदाहरण करून देतं.

१७ सप्टेंबरचं भाषण

स्थानिक इतिहास-भूगोल हा एआयचा सगळ्यात कच्चा भाग. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण मागा, म्हणजे दिसेल. भाषा फर्डी, पण मध्येच «तेव्हाच्या आठही जिल्ह्यांतील जनतेने» असं वाक्य ठोकून दिलेलं. १९४८ ला मराठवाड्यात जिल्हे पाचच होते: औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. जालना १९८१ ला झाला, लातूर १९८२ ला, हिंगोली १९९९ ला. चौथीच्या मुलीनं हे चुकीचं वाक्य गावासमोर झेंड्याखाली म्हटलं तर ते तिच्या डोक्यात कायमचं बसणार.

म्हणून उलटं करायचं. माहिती आपण द्यायची, त्याच्याकडून फक्त भाषेचं काम घ्यायचं. मी असं लिहिते: «खालच्या मुद्द्यांपलीकडं एकही तारीख, नाव किंवा आकडा घालू नकोस. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. स्वामी रामानंद तीर्थ यांनी लढ्याचं नेतृत्व केलं. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. नऊ वर्षांच्या मुलीला दोन मिनिटांत पाठ म्हणता येईल असं भाषण लिही.» एवढ्यावर भाषण चांगलं येतं. आपल्या गावातल्या लढ्याची गोष्ट त्यात हवी असेल तर ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून घ्या. ती एआयकडं नाही, आणि नाही म्हणून सांगण्याऐवजी ते रचून देतं.

पाठ्यपुस्तकातल्या घटकावर प्रश्न हवे असतील तेव्हाही पुस्तकच त्याच्यापुढं ठेवायचं. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नोटबुकएलएम नावाचं गुगलचं साधन आहे, त्यात पीडीएफ चढवली की ते त्या पुस्तकातूनच उत्तरं काढायला बघतं आणि कुठून काढलं तेही दाखवतं. काही पीडीएफ जुन्या फाँटमधल्या असतात, त्यातला मजकूर उचलला की भलतंच काहीतरी दिसतं. अशा वेळी पानाचा नीट उजेडात फोटो काढून तो द्या. आणि पुस्तकातल्या पाठाचा व्हिडिओ हवा असेल तर एआयच्या वाटेला जायचंच कारण नाही, पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी ॲपवर स्कॅन करा, घरूनच डाउनलोड करून आणा.

चित्रांबद्दल थोडक्यात: एआयला चित्रात मराठी अक्षरं लिहायला सांगू नका, बाराखडीची बऱ्याचदा चाळण होते. «काळ्या रेषांचं, पांढऱ्या पार्श्वभूमीचं, अक्षरं नसलेलं» चित्र मागा, नावं पेननं लिहा, तालुक्याला गेलात की झेरॉक्स काढा.

तांड्यावरच्या मुलांसाठी गोरमाटी शब्द मात्र एआयकडून घेऊ नका. हिंदी आणि राजस्थानीची भेसळ करून ते ठोकून देतं. पहिलीला सुरुवातीला कोणते मराठी शब्द लागतात त्यांची यादी त्याच्याकडून करून घ्या आणि शेजारचा गोरमाटी रकाना मुलांच्या आयांकडून भरून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला आया गप्प बसतात अशी आपली तक्रार असते ना? या कामाला त्या भरभरून बोलतात.

नोंदी आणि नावं

टाचण, समितीचं इतिवृत्त, वरून मागितलेले अहवाल हे खुशाल करून घ्या. त्यात वाचलेला वेळ पोरांचा. वर्णनात्मक नोंदींबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. «प्रगतीपुस्तकासाठी पंचवीस नोंदी दे» म्हटलं की ते ढीग घालतं, आणि मग सगळ्या वर्गाची पोरं «उपक्रमात उत्साहाने सहभागी» होतात. आपण जे पाहिलं ते आपल्या शब्दांत बोलायचं: ही मुलगी तोंडी हिशोब फटाफट करते, लिहायला घेतलं की दशकाच्या घरात एकक लिहिते. मग त्याला सांगायचं, याचं एक वाक्य कर. ती नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला उपयोगी पडेल.

मुलाचं नाव, आधार क्रमांक, हजेरीपटाचा फोटो, आजाराची माहिती, जात, यातलं काहीही एआयला द्यायचं नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, आणि आपण ती कुणाकडून घेतलेली नसते. «मुलगी क», «मुलगा ख» असं लिहिलं तरी काम तेवढंच होतं. चॅटच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर मॉडेल सुधारायला वापरू देण्याचं बटण असतं, ते बंद करून ठेवा.

उसाला गेलेली लेकरं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि वर्ग अर्धा होतो. आजीपाशी राहणारी मुलं हंगामी वसतिगृहाच्या जेवणावर टिकतात, पण लहानगी आईबरोबर जातातच. काही पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये. एआयचा सगळ्यात जास्त फायदा मला इथं झाला, म्हणून हे जरा सविस्तर.

जाताना प्रत्येक लेकराबरोबर एक वही द्यायची. आठवड्याला दोन पानं, त्याच्या पातळीची. पूर्वी मी पाढे आणि शुद्धलेखन लिहून द्यायची, वह्या कोऱ्याच परत यायच्या. आता मागणी अशी करते: «मूल कारखान्याच्या तळावर कोपीत (झोपडीत) राहतं. वही आणि पेन्सिल आहे, पुस्तक नाही, मदतीला मोठं माणूस नाही. आजूबाजूला जे दिसतं तेवढ्यावर करता येतील अशी दुसरीच्या गणिताची कामं दे.» यावर मिळालेल्यांपैकी दोन कामं मी सगळ्यांना देते. एक, ट्रॅक्टरच्या पाटीवरचे चार आकडे लिहून घे, त्यातले कोणतेही दोन घेऊन सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान संख्या बनव. दोन, पाच उसांची पेरं मोज, कोणत्या उसाला जास्त ते लिही, किती जास्त ते लिही. वह्या चिखलाच्या, कोपरे दुमडलेल्या, पण भरलेल्या येतात.

पेरं मोजायला सांगताना एक अट घालते: ऊस तळावर पडलेला असावा, फडात जायचं नाही. एआयनं दिलेल्या कामांत अशी जोखमीची कामं निघतात. «तोडणीच्या वेळी निरीक्षण कर» असं आलं तर ते खोडून टाका. कोयते चालू असतात तिथं लेकरू नको.

दुसरी सोय व्हॉट्सॲपची. बापाचा फोन दिवसभर फडात, रात्री कोपीवर येतो. व्हिडिओ पाठवू नका, डेटा संपतो. दोन मिनिटांचा आवाज पाठवा: एक छोटी गोष्ट आणि शेवटी एक प्रश्न, उत्तरही मुलानं आवाजातच द्यायचं. गोष्ट एआयकडून घेतली तरी वाचायची आपणच. यंत्राचा मराठी आवाज आता बऱ्यापैकी जमतो, पण लेकरू बाईचा आवाज ओळखतं आणि उत्तर बाईला द्यायला फोन हातात घेतं. आठवड्यातून दोन गोष्टी पुष्कळ झाल्या.

परतल्यावरचा प्रश्न मोठा. चार-पाच महिन्यांचा अभ्यास महिनाभरात बसत नाही, आणि पहिल्या पानापासून सुरू केलं तर काहीच होत नाही. इथं एआयला नेमका प्रश्न विचारा: «तिसरीच्या वजाबाकीपर्यंत पोचायला आधी कोणत्या गोष्टी याव्या लागतात? क्रमानं सांग. प्रत्येकीसाठी तोंडी विचारता येईल असा एकेक प्रश्न दे.» क्रम येतो तो साधारण असा: शंभरपर्यंत वाचन-लेखन, काड्यांच्या गठ्ठ्यांनी दशक-एकक, बिनहातच्याची वजाबाकी, एक दशक सुटं करणं, मग हातच्याची. जिथं मूल अडकलं तिथून सुरू करायचं, त्याच्या मागचं सोडून द्यायचं. भाषेतही तसंच. पाठ सगळे झाले पाहिजेत हा आग्रह सोडा, त्या महिन्यात फक्त वाचन धरा.

हे कागद फेब्रुवारीतच करून ठेवा. उसाची तोड लवकर आटोपली तर टोळ्या आधीच परततात, आणि मूल कुणाला न सांगता सकाळी येऊन आपल्या जुन्या जागेवर बसतं. पहिले दोन दिवस त्याची चाचणी घेऊ नका. वही मागा, ट्रॅक्टरच्या पाट्यांवरून त्यानं काय संख्या बनवल्या ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवायला सांगा. तिसऱ्या दिवशी वाचनचाचणी घ्या आणि गट ठरवा.